ब्रिजचा डाव आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची कसोटी

बुद्धिबळात १९९७ साली 'डीप ब्लू'ने गॅरी कास्पारोव्ह यांना, तर 'गो' या खेळात २०१६ साली 'अल्फागो'ने ली सेडोल यांना पराभूत केले. ब्रिज या पत्त्यांच्या खेळात मात्र संगणकाला मानवावर असा निर्विवाद विजय अद्याप मिळालेला नाही. याचे कारण खेळाच्या स्वरूपातच दडलेले आहे.

बुद्धिबळाचा संपूर्ण पट दोन्ही खेळाडूंसमोर उघडा असतो. ब्रिजमध्ये ५२ पत्ते चौघांत वाटले जातात आणि बोली लावताना प्रत्येकाला केवळ स्वतःचे १३ पत्ते दिसतात. उरलेल्या पत्त्यांचा अंदाज बोलींवरूनच बांधावा लागतो. पोकरमध्येही पत्ते झाकलेले असतात. तरीही अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्रॅटस' या प्रणालीने २०१७ साली चार व्यावसायिक खेळाडूंना हरविले. परंतु पोकर एकट्याने खेळला जातो, ब्रिजमध्ये भिडू असतो.

मार्च २०२२ मध्ये पॅरिस येथे 'नूक' या फ्रेंच प्रणालीने आठ विश्वविजेत्यांविरुद्धच्या आव्हानात ८० पैकी ६७ फेऱ्यांमध्ये सरस कामगिरी केली. ही कामगिरी लक्षणीय असली, तरी या स्पर्धेतून बोलीचा टप्पा वगळण्यात आला होता, ही बाब दुर्लक्षून चालणार नाही. ब्रिजचा खरा कस तेथेच लागतो.

बोली ही भिडूंमधील सांकेतिक भाषा होय. तथापि, नियमांनुसार हे संकेत गुप्त ठेवता येत नाहीत. प्रतिस्पर्ध्यांनी विचारल्यास त्यांचा अर्थ स्पष्ट करणे बंधनकारक असते. स्वतःशीच लक्षावधी डाव खेळून शिकलेली प्रणाली स्वतःचे संकेत निर्माण करू शकते, परंतु त्यांचा अर्थ तिला शब्दांत मांडता येईलच असे नाही. अशी प्रणाली जिंकली, तरी नियमांच्या कसोटीला ती उतरणार नाही. 'नूक'च्या निर्मात्यांनी आधी नियम शिकविण्याचा आणि निर्णयांचे स्पष्टीकरण देता येईल असा मार्ग निवडला, तो म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

भारताच्या दृष्टीनेही हा खेळ परका नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी पुरुष दुहेरीत सुवर्णपदक पटकाविले, तेव्हा बर्धन ६० वर्षांचे होते. दीर्घ सहवासातून घडलेला परस्परविश्वास हे अशा जोडीचे बलस्थान असते.

कर्ज मंजुरीपासून रोगनिदानापर्यंत संगणकाचे निर्णय आता सामान्य नागरिकांच्या जीवनाला स्पर्श करीत आहेत. अर्ज नाकारला गेलेल्या व्यक्तीला त्यामागील कारण समजलेच पाहिजे. ब्रिजच्या टेबलावर प्रतिस्पर्ध्यालाही जो खुलासा मागण्याचा अधिकार आहे, तो नागरिकाला नसणे समर्थनीय ठरणार नाही.