मानसिक आरोग्याचे अनुदान आणि तालुक्याचा वैद्य

शासनाकडून मानसिक आरोग्यसेवेसाठी येणाऱ्या अनुदानात आयुर्वेदालाही वाटा मिळावा, ही मागणी वैद्यवर्गाच्या बैठकांतून वारंवार ऐकू येते. मागणी गैर नाही. परंतु तिचे रूप बहुधा एवढेच असते की ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा यांच्या कल्पांची शासकीय खरेदी व्हावी. या रूपाशी प्रस्तुत लेखकाचे मतैक्य नाही. वाशीमसारख्या जिल्ह्यात हा पैसा कोठपर्यंत पोहोचतो आणि कोठे अडतो, हे आधी पाहावे. वाट्याचा प्रश्न त्यानंतरचा.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यात झालेल्या प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, तो आरंभी देशातील अवघ्या चार जिल्ह्यांत. आज त्याचा खर्च राष्ट्रीय आरोग्य अभियानातून होतो आणि आपल्या राज्यात केंद्र व राज्य यांचा हिस्सा ६० व ४० टक्के असतो. या अनुदानाची घडणच अशी आहे की त्याचा मध्यबिंदू जिल्हा रुग्णालय होय. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता, परिचारिका यांचे मानधन हा त्यातील मोठा भाग. तज्ज्ञ मिळाला तर पैसा खर्ची पडतो. मिळाला नाही तर तो तसाच राहतो आणि अखर्चित रकमेकडे बोट दाखवून पुढील मागणीला कात्री लावणे सोपे जाते. केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय कार्यक्रमासाठी २०१८-१९ मध्ये ५० कोटी रुपये दाखविले होते, ते २०१९-२० मध्ये ४० कोटी झाले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ निराळा सांगण्याची गरज उरत नाही.

आपल्या जिल्ह्याला शासकीय निधीचा अनुभव नवा नाही. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्यात वाशीम होता. सिंचन, कर्जावरील व्याज, बियाणे, फळबाग, दुभती जनावरे अशी शीर्षे तीत होती. ज्याच्या मनाचा तोल ढळतो आहे त्याच्या उपचाराचे शीर्ष नव्हते. आत्महत्या पात्र ठरली तर कुटुंबास एक लाख रुपये मिळतात, म्हणजे शासनाचा पैसा माणूस गेल्यावर घरी येतो. हे उणे काही अंशी भरून काढले ते २०१५ नंतरच्या प्रेरणा प्रकल्पाने. विदर्भ व मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन प्रश्नावली भरावी, नैराश्याची लक्षणे दिसल्यास पुढे पाठवावे, १०४ क्रमांकावर समुपदेशन मिळावे, अशी ती योजना. कल्पना उत्तम. पण आशाताईने पुढे पाठविलेला माणूस वाशीमला पोहोचतो का? मानोरा किंवा कारंज्याकडून येथवर साठेक किलोमीटर पडतात. सोयाबीनच्या सोंगणीत मजुरी बुडवून, सोबत एक माणूस घेऊन, एस. टी.चे भाडे भरून दर महिन्याला येणे किती घरांना जमेल, हे आपणांस अधिक सांगावयास नको.

याउलट शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा जो प्रकल्प झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पैसा टाटा विश्वस्त निधीचा होता, शासनाचा नव्हे. म्हणून तर तो पाहण्यासारखा. तेथे गावातच प्रशिक्षित कार्यकर्ते नेमले, त्यांच्यावर समुपदेशक आणि त्यावर तज्ज्ञ अशी उतरंड रचली. नैराश्यग्रस्तांपैकी उपचारासाठी जाणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

आता आपल्याकडे वळू. आपल्या तालुक्यांत रुग्णाचे पहिले दार कोणते? तो ‘मन लागत नाही’ असे सहसा म्हणत नाही. झोप नाही, भूक नाही, छातीत धडधडते, डोके जड, गॅस झाला, असे म्हणत तो वैद्याकडे येतो, किंवा थेट औषधाच्या दुकानात जाऊन झोपेची गोळी मागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील अनेक वैद्यकीय अधिकारी आणि उपकेंद्रांतील बहुसंख्य समुदाय आरोग्य अधिकारी बी. ए. एम. एस. पदवीधर आहेत. म्हणजे या कार्यक्रमाचे गावातील मनुष्यबळ मुळात आपलेच आहे. त्याच्या प्रशिक्षणासाठी आणि त्या प्रशिक्षणानंतर तज्ज्ञाशी सतत संपर्क राहावा यासाठी निधी मागणे, हे कल्पांची खरेदी मागण्याहून अधिक मोलाचे ठरेल.

यावर काहींचा आक्षेप ठाऊक आहे : ‘मग आम्ही केवळ रुग्ण धाडणारे मध्यस्थ व्हायचे काय?’ चरकाने सत्त्वावजय ही चिकित्सेची स्वतंत्र शाखा मानली, विषादाला वातज नानात्मज विकारांत स्थान दिले. सुश्रुताने मनोदुःखातून होणारा उन्माद वेगळा गणला. हा वारसा सांगण्याचा आपणांस अधिकार आहे. परंतु मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ म्हणून मान्यता दिली आहे ती मनोविज्ञान एवं मानसरोग या विषयातील पदव्युत्तर वैद्याला. आपल्या पदवीला नव्हे. केरळात कोट्टक्कल येथे या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण आणि मानसरोगांचे शासकीय आयुर्वेद रुग्णालय आहे. विदर्भात तसे काही हवे असेल तर ती मागणी स्वतंत्रपणे करावी, जिल्ह्याच्या तुटपुंज्या निधीत हिस्सा मागून नव्हे. शिवाय सर्पगंधेचे उदाहरण विसरता येत नाही. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद व उच्च रक्तदाबावरील तिचा उपयोग मांडला, १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे झाले, आणि पुढे तेच द्रव्य काही रुग्णांत नैराश्य वाढविते असे दिसून आले. झोप येत नाही म्हणून आलेल्या विषण्ण शेतकऱ्यास सर्पगंधायुक्त वटी देण्यापूर्वी ‘जगणे नकोसे वाटते का?’ एवढे तरी विचारले गेले पाहिजे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठीही एक शब्द. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या २०१४ पासून एच-१ अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय विक्री नाही, नोंदवही तीन वर्षे जपावयाची. ही वही केवळ निरीक्षकासाठी नाही. तीच चिठ्ठी घेऊन तोच माणूस पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्याला १४४१६ हा टेलि-मानसचा निःशुल्क क्रमांक लिहून देणे दुकानदाराच्या हाती आहे. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

वाशीम २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांत आहे. त्या मोजमापात गर्भवतींची नोंदणी, क्षयरोग, लसीकरण येते. मानसिक आरोग्याचा निर्देशांक नाही. जे मोजले जात नाही त्याची विचारणा आढावा बैठकीत होत नाही. दुसरीकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले आहे. त्याच्या मानसोपचार विभागाने महिन्यातून एक दिवस प्रत्येक तालुक्यास द्यावा, आणि तज्ज्ञाने एकदा ठरविलेली औषधे पुढे तालुक्यातच मिळावीत, ही मागणी आपल्या संघटनेने लेखी करावी. त्यासोबत आपल्या बाजूनेही काही द्यावे लागेल. रुग्ण पाठविताना एक साधी चिठ्ठी : लक्षणे कधीपासून, कोणती औषधे चालू आहेत, आत्महत्येचा विचार बोलून दाखविला का. आणि त्या चिठ्ठीच्या मागील बाजूस तज्ज्ञाने उत्तर लिहून ती परत पाठवावी, एवढी कोरी जागा.