ती कुणाची मदतनीस?



गेल्या पावसाळ्यात लातूर जिल्ह्यातल्या एका गावी बैठकीसाठी गेले होते. बैठक अंगणवाडीत होती. सकाळी पोचले तेव्हा सेविकाताई प्रकल्पाच्या कामाने तालुक्याला गेलेल्या. पंधरा-वीस लेकरं गोल बसली होती आणि मधे मदतनीस मावशी त्यांना चिंचोके मोजायला शिकवत होत्या. एक रडकं लेकरू मांडीवर, एक कान चुलीवरच्या खिचडीकडे. मी विचारले, "बाई कधी येणार?" मावशी बोलायच्या आत एक चार वर्षांची मुलगी म्हणाली, "ह्याच की बाई!"

आम्ही हसलो. पुढे बैठकीचा चहाही मावशींनीच केला. त्या संध्याकाळी अहवालात मी लिहिले, 'सेविका उपस्थित नसल्याने शिक्षणाचे काम पाहता आले नाही.' समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या, बाईच्या अदृश्य श्रमांवर व्याख्याने देणाऱ्या माझ्या डोळ्यांना जे दिसले नाही, ते त्या मुलीला दिसले होते.

मावशींचा दिवस पाहा. पहाटे घरचे आवरून त्या निघतात. सोयाबीनच्या खुरपणीला आया लवकर जातात, म्हणून दारोदार फिरून लेकरं गोळा करायची. झाडलोट करायची, पाणी भरायचे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या जिल्ह्यात पाणी भरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. मग लेकरांची नाकं पुसणे, शी-शू, वजनाच्या काट्यावर लेकरू धरून ठेवणे, आहार वाढणे, बचत गटाकडून आहार येत नसेल तिथे शिजवणेही. सेविकाताई सर्वेक्षणात, गृहभेटीत आणि मोबाईलवर माहिती भरण्यात अडकलेल्या. म्हणजे गाणी, गोष्टी, रंग, आकडे हेही पुष्कळदा मावशींकडेच.

हे शिक्षण नाही, असे कोण म्हणेल? तीन वर्षांच्या लेकराला हात धुऊन, रांगेत बसून, शेजारच्या आळीतल्या लेकराच्या बाजूला बसून जेवायला शिकवणे हा त्याच्या आयुष्यातला पहिला धडा असतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षण उभे केले, ते लेकरांच्या स्वच्छतेपासूनच. पण बाई घरात हेच काम फुकट करते. म्हणून बाहेर केले की त्याला 'पगार' नव्हे, 'मानधन' म्हणतात. मान किती आणि धन किती? २०१८ साली केंद्राने आपल्या वाट्याचे मदतनिसाचे मानधन वाढवले, ते महिन्याला १५०० वरून २२५० रुपये. राज्याची भर पडूनही त्यावर घर चालत नाही. आणि आता भरतीसाठी अट आहे बारावी उत्तीर्णची!

आपल्या लातूरला बारावीचे केवढे कौतुक! 'लातूर पॅटर्न' शिकायला साऱ्या महाराष्ट्रातून मुले येतात, शिकवणीवर आईबाप कर्ज काढतात. शिक्षणाच्या शिडीच्या वरच्या पायरीला एवढे मोल आणि तळाची पायरी धरून उभी असलेली बाई मात्र कुणाला माहीत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शिक्षणाचा पाया तिसऱ्या वर्षापासून मानला आहे. मग तो पाया घालणारी 'मदतनीस' कशी?

अंगणवाडीच्या बायांना जे काही मिळाले ते रस्त्यावर उतरून. २०१७ चा संप झाला. डिसेंबर २०२३ पासून तर थंडीत बावन्न दिवस संप चालला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस दोघींनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सांगितले आणि त्या कायद्यापुरते मानधनाला वेतन मानले. न्यायालयाला जे पटले, ते आपल्या मनाला कधी पटणार?

पगार, पेन्शन या मागण्या आहेतच. त्यांच्या जोडीला आणखी एक मागणी आपण लावून धरली पाहिजे: मदतनिसाच्या कामाच्या यादीत शिकवणे हे काम लिहिले जावे आणि त्याचे प्रशिक्षण तिलाही सेविकेइतकेच मिळावे. सेविका विरुद्ध मदतनीस असे भांडण लावायचा डाव मात्र हाणून पाडायला हवा. दोघींच्याही डोक्यावर एकीपेक्षा जास्त बायांचे काम आहे.

पुढच्या खेपेस गेले तेव्हा मावशींना अहवालातले वाक्य वाचून दाखवले आणि चूक कबूल केली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, लेकरं मला बाई म्हणतेत. कागदावर मी कोण, ते तुम्ही बघा."

अहवाल मी दुरुस्त केला आहे. पण कागद माझ्या एकटीचा नाही. तुमच्या गावच्या ग्रामसभेत हा प्रश्न विचारा. आणि मदतनीस भगिनींनो, तुमचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत जसा जातो तसा लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा. पुढचा अंक तुमचा असेल.