राजाचा वतनदार आणि वारशाची चाकरी

२०२३ सालची बुद्धपौर्णिमा ५ मे रोजी होती. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला आणि जगभरच्या दूरचित्रवाणीवर तोच सोहळा दिवसभर चालला. आमच्या अभ्यासवर्गातील तरुणांनीही तो पाहिला. त्यांतील एकाने विचारले, "हे सगळे जमवून आणणारा अधिकारी कोण? कुठली परीक्षा देऊन तो त्या जागेवर बसला?" प्रश्न साधा होता, पण उत्तर आम्हा सर्वांना विचार करायला लावणारे आहे. तो अधिकारी कुठलीही परीक्षा देऊन आलेला नाही. तो जन्माला आला आणि वडिलांच्या मागे ते पद त्याच्याकडे चालत आले.

या पदाचे नाव 'अर्ल मार्शल'. राज्याभिषेक, राजा-राणीची शासकीय अंत्ययात्रा, संसदेचे समारंभपूर्वक उद्घाटन यांची व्यवस्था त्याने पाहायची. सरदार घराण्यांची मानचिन्हे ठरविणारे 'कॉलेज ऑफ आर्म्स' हे खातेही त्याच्याच देखरेखीखाली चालते. हे पद १६७२ पासून हॉवर्ड घराण्यात वंशपरंपरेने आहे. या घराण्याचा प्रमुख म्हणजे ड्यूक ऑफ नॉरफोक. २०२२ साली राणी दुसऱ्या एलिझाबेथची अंत्ययात्रा आणि २०२३ चा राज्याभिषेक यांची जबाबदारी अठरावे ड्यूक एडवर्ड फिट्झॲलन-हॉवर्ड यांच्याकडे होती.

आपल्या भाषेत याला एकच शब्द आहे. वतन!

वतन म्हटले की मान, इनाम आणि मिरवणूक डोळ्यांसमोर येते. पण वतनाची दुसरी बाजू असते ती चाकरीची. हॉवर्ड घराण्याचा इतिहास वाचला तर ही बाजू रक्ताने लिहिलेली दिसते. पहिला ड्यूक जॉन हॉवर्ड १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत तिसऱ्या रिचर्डच्या बाजूने लढताना मारला गेला. राजा हरला, तशी घराण्याची ड्यूकपदवीही गेली. त्याच्या मुलाने १५१३ साली फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडच्या सैन्याचा पराभव केला, तेव्हा १५१४ मध्ये ती परत मिळाली. म्हणजे मान कायमचा नव्हता. धन्याची मर्जी असेपर्यंतच तो होता.

तिसऱ्या ड्यूकची कथा तर अंगावर काटा आणणारी आहे. आठव्या हेन्रीच्या दोन राण्या, ॲन बोलीन आणि कॅथरीन हॉवर्ड, या त्याच्या भाच्या-पुतण्या. १५३६ साली ॲनवर खटला चालला तेव्हा न्यायासनाच्या अध्यक्षस्थानी हाच मामा होता आणि मृत्युदंडाची शिक्षा त्यानेच वाचून दाखविली. पुढे कॅथरीनवर राजाची इतराजी झाली, तेव्हा स्वतःचा जीव वाचविण्यासाठी त्याने राजाला पत्र लिहून पुतणीशी नाते झटकले. १५४२ मध्ये तिचाही शिरच्छेद झाला. जानेवारी १५४७ मध्ये त्याच्या मुलाचे, कवी असलेल्या अर्ल ऑफ सरेचे, मस्तक उडविण्यात आले. बापालाही मरणाची शिक्षा ठरली होती, पण त्याच महिन्याच्या २८ तारखेला राजाच मेला म्हणून तो वाचला. पुढे त्याचा नातू, चौथा ड्यूक, १५७२ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली वधस्तंभावर गेला.

वाचकहो, इंग्लंडमधल्या सर्वांत मानाच्या सरदार घराण्याची ही अवस्था! जन्माने उच्च असलेल्यालाही धन्यापुढे मान तुकवावी लागते, प्रसंगी आपल्याच लेकीबाळींना मरणाच्या दारात उभे करावे लागते. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेची जी मीमांसा केली, ती जातिव्यवस्थेची होती आणि इंग्लंडचा सरदारवर्ग म्हणजे जात नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु पायरीचा नियम दोन्हीकडे काम करतो. वरच्याने लाथ मारली तरी खालचा कुणीतरी पायाखाली आहे या समाधानात माणूस पायरी सोडत नाही. हॉवर्डांनी चार पिढ्यांत एवढी मुंडकी गमावली, पण दरबार सोडला नाही.

आता योग्यतेचा मुद्दा पाहू. १६६० साली ड्यूकपदवी घराण्याला पुन्हा बहाल झाली, तेव्हा ती ज्याच्या नावे आली तो पाचवा ड्यूक मानसिक आजाराने ग्रस्त होता आणि इटलीतील पादुआ येथे राहत होता. म्हणून अर्ल मार्शलपद वंशपरंपरेने देण्याची सनद १६७२ मध्ये त्याच्या भावाच्या नावे निघाली. १९१७ साली पंधरावे ड्यूक वारले, तेव्हा वारस बर्नार्ड अवघा आठ वर्षांचा होता. आठ वर्षांचे पोर अर्ल मार्शल! काम अर्थातच त्याच्या काकाने प्रतिनिधी म्हणून पाहिले. याच बर्नार्डने मोठेपणी १९३७ व १९५३ चे राज्याभिषेक आणि १९६५ ची चर्चिल यांची अंत्ययात्रा चोख पार पाडली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माणूस कर्तबगार निघाला, पण निवड करताना कर्तबगारी कुणी विचारलीच नव्हती. बर्नार्डला चार मुली होत्या, मुलगा नव्हता. १९७५ साली तो वारला तेव्हा पद आणि पदवी चारही मुलींना ओलांडून दूरच्या चुलतभावाकडे गेली. वारशाची व्यवस्था स्त्रीला कुठे ठेवते, याला आणखी पुरावा नको.

वकील म्हणून आम्हाला या घराण्याच्या दोन खटल्यांचे विशेष वाटते. अर्ल मार्शल हा सरदारांच्या मानचिन्हांविषयीच्या एका मध्ययुगीन न्यायालयाचा न्यायाधीशही असतो. सुमारे दोनशे वर्षे बंद असलेले हे न्यायालय १९५४ मध्ये एकदा बसले. मँचेस्टर नगरपालिकेने आपले मानचिन्ह वापरल्याबद्दल एका नाट्यगृहाविरुद्ध तक्रार केली होती. ड्यूकसाहेब आसनावर विराजमान झाले खरे, पण निकालाचे काम देशाच्या मुख्य न्यायमूर्तींनी केले. जन्माने मिळालेल्या न्यायासनावर कायदा जाणणारा माणूस बसवावाच लागला!

दुसरा खटला २०२२ चा. राणीची अंत्ययात्रा १९ सप्टेंबरला झाली. २६ सप्टेंबरला सध्याचे ड्यूक लंडनमधील लॅव्हेंडर हिलच्या दंडाधिकारी न्यायालयात आरोपी म्हणून उभे होते. एप्रिल महिन्यात गाडी चालवताना फोन वापरला आणि लाल दिवा ओलांडला, असा प्रकार होता. त्यांनी गुन्हा कबूल केला. बचाव एवढाच की राज्याभिषेकाची तयारी करायची आहे, तेव्हा वाहन चालविण्यास बंदी घालू नये. सोहळ्याची माहिती गुप्त असल्याने त्या भागाची सुनावणी बंद दाराआड झाली. दंडाधिकाऱ्यांनी सबब नाकारली. सहा महिने वाहनबंदी आणि ८०० पौंड दंड! मुकुट राजाच्या डोक्यावर ठेवण्याची व्यवस्था पाहणारा माणूस लाल दिव्यापुढे मात्र इतरांसारखाच नागरिक ठरला. साडेतीनशे वर्षांच्या सनदेपेक्षा त्या दिवशी वाहतुकीचा नियम मोठा ठरला. याला कायद्याचे राज्य म्हणतात.

पण तेवढ्याने वारसा संपत नाही. ब्रिटनच्या उमराव सभेत शेकडो सरदार केवळ जन्माच्या आधारे बसून कायदे करीत. १९९९ साली मजूर पक्षाच्या सरकारने त्यांना बाहेर काढले, पण तडजोड म्हणून ९२ जागा ठेवल्या. त्यांतील दोन जागा पदसिद्ध होत्या, आणि त्यांतील एक अर्ल मार्शलची. उरलेल्या जागा रिकाम्या झाल्या की सरदारांतच पोटनिवडणूक होई. २०१६ सालच्या अशा एका पोटनिवडणुकीत उमेदवार सात आणि मतदार तीन होते! सप्टेंबर २०२४ मध्ये या जागाही रद्द करणारे विधेयक मजूर पक्षाच्याच सरकारने मांडले आणि नोव्हेंबरमध्ये लोकसभागृहाने ते मंजूर केले. त्या वेळी या जागांवर एकही स्त्री नव्हती. मात्र त्याच विधेयकाच्या आखणीत एक गोष्ट शाबूत होती. अर्ल मार्शलची सभेतील जागा जाणार, पण समारंभाचे पद घराण्यातच राहणार. सत्ता काढायची आणि मान ठेवायचा, ही इंग्रजी पद्धत.

इंग्रजांनी हीच पद्धत आपल्याकडे उलटी वापरली. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत पदांच्या कायद्याने गावच्या वतनांना सरकारी शिक्का मिळाला. त्यात महार वतनही आले. तिथे मान नव्हताच, फक्त चाकरी होती. निरोप पोचवा, सरकारी अंमलदाराच्या दिमतीला उभे राहा, हद्दीची राखण करा. बदल्यात जमिनीचा तुकडा आणि दारोदारचे बलुते. लंडनला ड्यूकच्या वारसाला वारशाने समारंभाची काठी मिळाली, इथे आमच्या आजोबा-पणजोबांना वारशाने वेठ मिळाली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, कारण त्यांना दिसत होते की वतनाच्या तुकड्याने माणूस गावाच्या दावणीला बांधला जातो. ती वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. तो पाहायला बाबासाहेब हयात नव्हते.

संविधानाने मात्र इंग्रजांसारखी अर्धीमुर्धी वाट धरली नाही. अनुच्छेद १६(२) मध्ये धर्म, वंश, जात, लिंग यांच्या जोडीने 'कूळ' हाही शब्द आहे. सरकारी नोकरीत कुळावरून भेदभाव चालणार नाही. याच आधारे गझुला दशरथ रामाराव खटल्यात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने गावमुनसफाचे पद आधीच्या अधिकाऱ्याच्या वंशजालाच देण्याची तरतूद घटनाबाह्य ठरविली. ब्रिटिश संसदेला जे एकविसाव्या शतकात तुकड्या-तुकड्याने करावे लागते आहे, ते आपल्या संविधानाने एका शब्दात केले.

मग आपण इंग्रजांना हसून मोकळे व्हायचे काय? नाही. आज महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. तो हक्क टिकावा म्हणून आपलेच भाऊबंद मोर्चे काढतात, न्यायालयात धाव घेतात. आम्ही त्यांच्या विरोधात नाही. ज्याच्या घरात दुसरी कायम नोकरी नाही, त्याच्या हातातली भाकरी काढून घेऊन समतेचे प्रवचन देणे हा निर्लज्जपणा होईल. परंतु बापाचा झाडू मुलाच्या हातात जातो आणि त्याला आपण 'हक्क' म्हणतो, तेव्हा काळजात कळ उठली पाहिजे. ड्यूकच्या मुलाने वारसा सोडला तरी त्याच्यापुढे सारे जग मोकळे असते. सफाई कामगाराच्या मुलाने सोडला तर त्याच्या हाती काय उरते? दोन वारशांतला खरा फरक इथे आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. नोकरीची हमी राहू द्या, झाडूची हमी नको. वारस पदवीधर असेल तर त्याला पदवीप्रमाणे टेबल मिळाले पाहिजे, आणि घाण उपसण्याचे काम यंत्राकडे गेले पाहिजे. आणि दुसरी गोष्ट स्वतःलाच सांगायची. पक्ष, संघटना, शिक्षणसंस्था, विहारांचे विश्वस्त मंडळ, यांत बापामागे मुलगा खुर्चीवर बसतो आणि आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा आपणही एक छोटे अर्ल मार्शल निर्माण करीत असतो.

अभ्यासवर्गातील त्या तरुणाला आम्ही हेच सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, माझे वडील महानगरपालिकेत सफाई खात्यात आहेत. पुढच्या वर्षी निवृत्त होतात." त्याच्या खिशात वाणिज्य शाखेची पदवी आहे. त्याच्यापुढे कोणता अर्ज ठेवायचा, हे आता चळवळीने ठरवायचे आहे.