जिल्ह्याच्या बातमीला आवाज हवा

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचा सकाळचा पहिला प्रश्न एकच: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती? 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोक्याची. 2019 च्या महापुरानंतर हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ झाले. छापील अंकातला आकडा आदल्या रात्रीचा असतो, तोवर पंचगंगा बरीच चढलेली असते. म्हणून स्थानिक दैनिकांनी वेबसाइटवर व्हिडिओ सुरू केले याचं मला मनापासून समाधान आहे. वार्ताहर बंधाऱ्यावर उभा राहून पातळी सांगतो, कुठला रस्ता बंद झाला ते सांगतो. त्या दीड मिनिटाचं मोल शिरोळ तालुक्यातल्या माणसाला विचारा. फक्त तारीख आणि वेळ ठळक दिसली पाहिजे. पूर आला की व्हॉट्सॲपवर जुन्या पुराचे व्हिडिओ फिरू लागतात आणि नदीकाठची माणसं हकनाक धास्तावतात.

पण व्हिडिओच्या धावपळीत ऑडिओ मागे पडलाय, आणि मला खरी आशा तिथेच दिसते. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीच्या लावता येतात. त्यामुळे गाणी दिवसभर वाजतात, पण तालुक्याची बातमी कानावर पडत नाही. वेबसाइटला हा नियम लागू नाही. गावोगावी वार्ताहर असलेल्या जिल्हा दैनिकानं ही जागा घ्यायला हवी. रोज दहा मिनिटांचं बातमीपत्र करा. गोठ्यात धार काढणारी बाई ते ऐकेल, मोतीबिंदूमुळे अंक बाजूला ठेवलेले आजोबाही ऐकतील. (आणि बातमी, फोटो, व्हिडिओ, आता आवाजही एकट्यानंच आणायचा असेल, तर त्या वार्ताहराचं मानधन आधी वाढवा.)

बातमी यंत्राकडून वाचून घेणं स्वस्त पडतं, हे मान्य. पण चंदगडच्या शेतकऱ्याच्या उसात हत्ती शिरतो, तेव्हा छापील बातमीत त्याचं 'पिकाचे नुकसान' होतं. तोच शेतकरी चंदगडी बोलीत सांगू लागला, की कुठला बांध मोडला, मोटारीच्या पाइपचं काय झालं, रात्रभर फटाके वाजवत घरातली कोण कोण जागली, हे सगळं त्यात येतं. ते सलग, न कापता लावा. पंचनाम्याला निघालेल्या वनखात्याच्या माणसांनीही ते वाटेत ऐकावं.