उद्याची शाश्वती नसलेले हात

कबनूर-इचलकरंजी परिसरातील यंत्रमाग कारखान्यांतून एक तक्रार वारंवार कानी येते : कामगार टिकत नाही, आणि टिकला तरी त्याला कामाची आस्था नसते. ठेकेदारामार्फत वा बदलीवर आलेल्या कामगाराविषयी तर ती विशेष तीव्रतेने केली जाते.

परंतु आस्था उपदेशाने निर्माण होत नाही. मागावरची मजुरी मीटर आणि पिके यांच्या हिशेबाने ठरते. ताण्याचा तुटलेला धागा जोडण्यासाठी माग थांबवला, तर कापड सुधारते. मजुरी मात्र तेवढी बुडते. पुढल्या आठवड्यातही त्याच मागावर उभा राहणारा कामगार हे नुकसान सोसेल. ज्याला उद्याची शाश्वती नाही, त्याने ते का सोसावे?

प्रश्न जुनाच आहे. मुंबईच्या गिरण्यांत १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपातही बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती. कंत्राटी कामगारांसाठी १९७० मध्ये कायदा झाला; पण तो २० वा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनांपुरता होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेत ही मर्यादा ५० आहे. मोजके माग चालविणाऱ्या छोट्या कारखान्यातील कामगार तेव्हाही या संरक्षणाबाहेर होता, आजही आहे.

सारा दोष मागधारकाच्या माथी मारणेही न्यायाचे नव्हे. खर्चीवाला मागधारक व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो. सूत थांबले की त्याचे माग थांबतात. वरून आलेली अनिश्चितता तो खाली कामगाराकडे ढकलतो, इतकेच.

म्हणून उपाय दोन्ही टोकांना हवा. कामगाराच्या हजेरीची लेखी नोंद असावी, मजुरी ठेकेदाराच्या हाती न जाता थेट त्याला मिळावी, आणि धागा जोडण्यात गेलेला वेळ दर ठरविताना धरला जावा. बोनसच्या कायद्याने वर्षात ३० दिवस काम करणाऱ्यास पात्र मानले आहे. कायदा लागू नसलेल्या कारखान्यांनीही दिवाळीला तोच निकष स्वेच्छेने पाळावा. व्यापाऱ्यांनीही मागधारकास काही महिन्यांच्या कामाची हमी द्यावी. कामगाराकडून निष्ठेची अपेक्षा करणाऱ्यांनी त्याला आधी कामाची शाश्वती दिली पाहिजे.