खबरी आहेत, विश्लेषक कोठे?

२७ ऑगस्ट २००४ रोजी, शुक्रवारी, जालन्यातील कादरिया मशिदीत बॉम्बस्फोट झाला. त्याच दिवशी परभणी जिल्ह्यातील पूर्णा येथेही तसाच प्रकार घडला. त्याआधी नऊ महिने, २१ नोव्हेंबर २००३ रोजी, परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत स्फोट झाला होता आणि तो दिवसही शुक्रवारच होता. तीन ठिकाणे, एकच वार, एकाच प्रकारचे लक्ष्य. तरीही या घटनांचा परस्परसंबंध दहशतवादविरोधी पथकाने जाहीरपणे मांडला तो ६ एप्रिल २००६ रोजी नांदेडमधील एका घरात स्फोट होऊन दोघांचा मृत्यू झाल्यानंतर. आज जालना छत्रपती संभाजीनगर परिक्षेत्रात, तर परभणी आणि नांदेड हे नांदेड परिक्षेत्रात मोडतात. दोन परिक्षेत्रांतील दोन ठाण्यांचे कागद एकाच टेबलावर ठेवून वाचणारा माणूस असणे, हे कोणाच्याही कामाच्या यादीत नसते.

या माणसाला जगात 'गुन्हे विश्लेषक' म्हणतात. अमेरिकेत ऑगस्ट व्होल्मर यांनी बर्कलेच्या पोलीस दलात गेल्या शतकाच्या आरंभी नकाशावर टाचण्या टोचून गुन्ह्यांची ठिकाणे मांडण्याची पद्धत रूढ केली. १९९४ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी साप्ताहिक आकडेवारीवरून ठाणेदारांना जाब विचारण्याची पद्धत सुरू केली. तिथल्या पोलीस दलांत हे काम करणारे बहुतेक जण वर्दीतले नसतात. संख्याशास्त्र, भूगोल किंवा समाजशास्त्र शिकलेले साधे पदवीधर असतात. आपल्याकडे मात्र या कामाचे पदच जिल्हा पातळीवर नाही. स्थानिक गुन्हे शाखा आहे, जिल्हा विशेष शाखा आहे, सायबर पोलीस ठाणे आहे, प्रत्येक ठाण्यात गोपनीय शाखेचा कर्मचारी आहे आणि गावोगाव पोलीस पाटीलही आहेत. माहिती आणणाऱ्यांची साखळी म्हणजे पुरेशी लांब आहे. बहिर्जी नाईकांचे नाव आपण भाषणांतून उठता बसता घेतो, पण त्यांनी आणलेल्या बातमीचे पुढे रायगडावर काय होत असे, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.

दुसरे उदाहरण पोलिसांचे नाही, पण याच शहराचे आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राप्तिकर खात्याने जालन्यातील पोलाद व्यावसायिकांवर छापे घातले. लग्नाच्या वऱ्हाडाच्या मोटारींतून आलेले अधिकारी, पन्नास कोटींहून अधिक रोकड, सुमारे ३२ किलो सोने आणि तासन् तास चाललेली नोटांची मोजणी, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. वऱ्हाडाचे सोंग हा त्या कारवाईचा शेवटचा आणि सर्वांत सोपा भाग होता. त्याआधी सप्टेंबर २०२१ मध्ये येथील पोलाद कारखान्यांवर जी कारवाई झाली, तिच्या अधिकृत निवेदनात बिगर हिशेबी खरेदी आणि कागदोपत्री कंपन्यांमार्फत फिरवलेल्या रकमांचा तपशील होता. असे धागे छाप्याच्या रात्री सापडत नाहीत. त्यासाठी खरेदीची बिले, कर्जाच्या नोंदी आणि उत्पादनाचे आकडे शेजारी शेजारी मांडून, कोणता आकडा दुसऱ्याशी जुळत नाही हे शोधावे लागते. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानात झालेला घोटाळा २०२५ मध्ये चव्हाट्यावर आला, तलाठी निलंबित झाले, गुन्हा नोंदवला गेला. लाभार्थ्यांची यादी सातबाराशी आणि बँक खात्यांशी ताडून पाहणे, एवढीच ती परीक्षा होती. ती अनुदान वाटण्याआधी घेता आली असती.

मात्र तिसरे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे आणि त्यावर अधिक विचार व्हायला हवा. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे यांच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला. त्याचे पडसाद राज्यभर उमटले, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले आणि तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना क्षमा मागावी लागली. येथे गुप्त असे काय होते? उपोषण उघड्या मंडपात, गावाच्या साक्षीने चालले होते. किती माणसे जमली, कोण आले, कोण गेले, हे सांगायला खबऱ्याची गरज नव्हती. बळाचा वापर झाला तर मराठवाड्यात काय होईल, या प्रश्नाचे लेखी, निर्भीड उत्तर निर्णय घेणाऱ्याच्या हाती असणे आवश्यक होते. बातमी आणि मूल्यमापन यांतला फरक हाच आहे. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीपुढेही असेच चित्र आले होते. इशारे आले होते, ते एकत्र वाचून त्यांचा अर्थ लावण्याची व्यवस्था दुबळी होती. त्यानंतरच्या काळात पुण्यात महाराष्ट्र गुप्तवार्ता प्रबोधिनी उभी राहिली, राज्य गुप्तवार्ता विभागात अधिकाऱ्यांची थेट भरती होऊ लागली. हे पाऊल योग्यच होते; पण ते राज्याच्या मुख्यालयापुरते राहिले, तालुक्याच्या ठाण्यापर्यंत पोचले नाही.

आता मुलांचा विचार करू. जालना जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावात पहाटे भरतीसाठी धावणारी मुले दिसतात. शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० आणि लेखी परीक्षेला १०० गुण असतात. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्यज्ञान, मराठी व्याकरण, असा तो अभ्यास. शहरात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ३ आहे, पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. म्हणजे वर्दीची ओळख या जिल्ह्याला नवी नाही. परंतु ज्याची उंची दोन सेंटिमीटरने कमी पडली, जिचा गोळा अर्धा मीटर अलीकडे पडला, त्या हुशार मुलामुलीला पोलीस दलाचे दार कायमचे बंद होते. यांतीलच एखादी मुलगी तीन वर्षांच्या घरफोड्यांच्या नोंदी वाचून कापूस घरात साठवलेल्या महिन्यांत कोणत्या रस्त्यालगतची गावे लक्ष्य होतात, हे सांगू शकली असती.

वाटा अगदीच नाहीत असे नाही. केंद्रीय गुप्तचर विभागाने २०२५ मध्ये सहायक केंद्रीय गुप्तचर अधिकाऱ्यांच्या ३,७१७ जागांची जाहिरात काढली. पात्रता कोणत्याही शाखेची पदवी. त्या परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्यात निबंध आणि इंग्रजी आकलन असते, आणि मराठवाड्यातील मुलगा बहुधा तिथेच अडतो. शेजारी छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे अपेक्षित धरले आहे, त्यामुळे तिथल्या पदवीला मागणी वाढेल. पण रक्ताचा डाग तपासणे हे एक शास्त्र आहे आणि दोनशे गुन्ह्यांतली सारखी पद्धत ओळखणे हे दुसरे. दुसऱ्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. संख्याशास्त्राची पायाभरणी, तक्ते आणि नकाशे हाताळण्याचा सराव, दूरध्वनी कॉलच्या नोंदी वाचण्याचे कौशल्य, फौजदारी कायद्याची ओळख आणि दोन पानांत नेमके लिहिण्याची शिस्त, हे जालन्यातील कोणतेही बरे महाविद्यालय वर्षभरात शिकवू शकते. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे, असे माझे मत आहे.

राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम करणारी 'मार्व्हल' ही कंपनी नागपुरात स्थापन केली. गुन्ह्यांच्या नोंदींचे संगणकीय जाळे तर २०१५ पासूनच राज्यात आहे. यंत्रे येतील, पण प्रथम खबर नोंदवताना गुन्ह्याच्या पद्धतीचा रकाना घाईत कसाबसा भरला जात असेल, तर यंत्र तरी काय वाचणार?

या शिक्षणात एक धडा अनिवार्य असावा, तो चुकीच्या विश्लेषणाचा. ८ सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांनंतर पकडलेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयाने २०१६ मध्ये दोषमुक्त केले. त्यांची पाच वर्षे तुरुंगात गेली. नांदेडच्या २००६ च्या प्रकरणातही जानेवारी २०२५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. संशयाचा धागा जुळणे वेगळे, तो पुराव्याने न्यायालयात टिकणे वेगळे. आधी निष्कर्ष ठरवून मग कागद शोधण्याची सवय वर्दीच्या उतरंडीत लवकर लागते, कारण वरिष्ठांना नको असलेले उत्तर देण्याची किंमत कनिष्ठाला मोजावी लागते. म्हणून हे पद नागरी असावे, त्याची बदली अधीक्षकांच्या मर्जीवर नसावी आणि त्याने लिहिलेली टिपणे वर्षाअखेर प्रत्यक्षाशी ताडून पाहिली जावीत. जिल्ह्यात अशी चार पदे निर्माण करण्यास येणारा खर्च एखाद्या नव्या वाहन ताफ्याहून अधिक नसेल. आणि पहिली जाहिरात निघाली, तर अर्ज करणाऱ्यांत भरतीच्या मैदानावरून परतलेली मुले सर्वांत पुढे असतील.