वखारीच्या तळघरात

व्यापारानिमित्त पश्चिम आफ्रिकेत जाणाऱ्या वाचकांनी घाना देशातील केप कोस्टचा किल्ला अवश्य पाहावा. राजधानी अक्रापासून तो सुमारे १५० किलोमीटरवर आहे. शुभ्र भिंती आणि समुद्राकडे रोखलेल्या तोफा पाहून तो एखाद्या राजाचा दुर्ग वाटतो. वस्तुतः ती व्यापाऱ्यांची वखार होती. १६५३ मध्ये स्वीडिश व्यापाऱ्यांनी ती स्थापिली आणि त्याच शतकात ती इंग्रजांच्या हाती गेली.

प्रारंभी येथे सोने व लाकूड यांचा व्यवहार होई. पुढे माणूस हाच माल झाला. तळघरातील अंधाऱ्या कोठड्यांत शेकडो बंदिवान जहाजाची वाट पाहत कोंबलेले असत आणि त्यांच्या माथ्यावरच प्रार्थनामंदिर होते. शेवटच्या दारातून जहाजाकडे नेलेला माणूस परतत नसे. अटलांटिकपार नेण्यासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरून सुमारे १ कोटी २५ लाख माणसे जहाजांत चढविली गेली. त्यांतील सुमारे १८ लाख वाटेतच मरण पावली. इंग्रजांनी १८०७ मध्ये हा व्यापार कायद्याने बंद केला.

या माणसांची किंमत बहुधा मालाच्या रूपाने चुकती होई: बंदुका, दारू, धातू आणि कापड. त्या कापडात हिंदुस्थानी सुती कापडाचा वाटा मोठा होता. आपल्या किनाऱ्यांवरून ते कंपनीच्या जहाजांनी लंडनला जाई, तेथे लिलावात विकले जाई आणि मग आफ्रिकेकडे वळे. विणकराला किंवा गाठी मोजून देणाऱ्या व्यापाऱ्याला त्या कापडाच्या अखेरच्या मोबदल्याची कल्पनाही नसेल.

श्रावकास वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य, म्हणजे दास व पशू यांचा क्रयविक्रय, गणला आहे. तो आपण करीत नाही, एवढ्यावर समाधान मानणे सोपे आहे. केप कोस्टचे तळघर त्याहून अवघड प्रश्न विचारते: आपल्या हातून गेलेला माल पुढे कशाच्या बदल्यात दिला जातो, आणि स्वस्तात आलेला माल कोणाच्या श्रमांतून येतो? आपल्या देशात वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. तरीही वीटभट्ट्यांवर उचलीपोटी अडकलेली कुटुंबे आजही आढळतात. बांधकामासाठी विटा घेताना दराची चौकशी आपण करतोच. त्याच वेळी मजुरांची उचल कशी फेडली जाते, मजुरी कोणाच्या हाती पडते आणि त्यांना काम सोडून जाता येते का, हेही विचारावे. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास तो सौदा सोडावा.